हळद पिवळी आली

रथसप्तमीनंतरच्या सोमवारी गुरुग्राममधलं एक अख्खं महाराष्ट्र मंडळ नाहीसं झालं. अध्यक्ष गेले, खजिनदार गेल्या, पेटीवाला गेला, आणि ज्यांना कधीच कुठलं काम दिलं जात नाही ते उपाध्यक्षसुद्धा गेले. मागे फक्त निहार राहिला.

असं अजून काही झालेलं नाही. मंडळ जागेवर आहे, सोमवार हा ऑफिसचा साधा वार आहे, आणि दिवाळी नुकतीच झाली आहे. निहार आपल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बादलीतल्या पाण्यात थर्मामीटर धरून आहे. बघू दे त्याला पाणी. तेवढं एक काम तो मन लावून करतो.

बाकीची कामं तो एका मोठ्या कंपनीत करायचा. ती नेमकी काय, हे सासऱ्यांना समजावून सांगायला बसला की दुसऱ्या वाक्याला त्याचा स्वतःचाच विश्वास उडायचा. सासरे म्हणजे भाऊसाहेब. केंद्र सरकारच्या एका खात्यात फोटोग्राफर म्हणून त्यांनी उभा जन्म फिती कापणारे हात टिपले होते. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडून ते लेकीकडे, मयुराकडे, राहायला आले. येताना एक दिवाण, एक ट्रायपॉड आणि स्लाइड फिल्मच्या रोलांचा डबा घेऊन आले. रोलांची मुदत कधीच संपली होती. डबा फ्रिजच्या दारात, कोकम आगळाच्या बाटलीशेजारी राहायचा.

"मुदत ही कागदावर संपते," भाऊसाहेब म्हणायचे. "माल काही कागद वाचत नाही."

रंगीत फिल्म दोन तऱ्हांची असते, निगेटिव्हची आणि स्लाइडची. दोघींची रसायनं वेगळी. स्लाइडची फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या रसायनात धुतली की तिचा गोंधळ उडतो, म्हणजे साबुदाण्याला कुणीतरी पावभाजीचा मसाला लावल्यासारखं होतं. सावल्या निळ्या पडतात, पांढऱ्याला कावीळ होते, भलतेच रंग भलत्या जागी जाऊन बसतात. याला क्रॉस प्रोसेसिंग म्हणतात, आणि हे मुद्दाम करणारे लोक जगभर आहेत. प्रत्येक फिल्मचा गोंधळ निराळा. भाऊसाहेबांच्या डब्यातली फिल्म माणसं हिरवी करायची.

"डब्यावर प्रोसेस छापलेली आहे ना?" भाऊसाहेबांनी बाथरूमच्या दारात उभं राहून विचारलं.

"हो बाबा. पण हा प्रयोग आहे."

"आमच्या खात्यात एकाने असाच प्रयोग केला होता. मंत्री जांभळे आले. दुसऱ्या आठवड्यात त्याची बदली."

"मंत्र्यांची?"

"मंत्र्यांची कशाला होईल, जावईबापू!"

दिवाळीच्या फराळाचा रोल निहारने पहिला धुतला, वाळवला, स्कॅन करून कॉम्प्युटरवर त्याचे उलटे रंग सरळ केले. अपेक्षेप्रमाणे सगळं हिरवं आलं होतं. चकली हिरवी, पणत्या हिरव्या, भाऊसाहेबांचा झब्बा शेवाळलेला, आणि मयुराचा चेहरा मंडईतून नुकत्याच आणलेल्या कारल्यासारखा ताजा. निहार खूश झाला. मग त्याला चैतन्य दिसला.

चैतन्य म्हणजे समोरच्या फ्लॅटमधला, बँकेत असलेला नागपूरकर. तो या हिरव्या गर्दीच्या मधोमध लाडू हातात घेऊन आपल्या नेहमीच्या रंगात उभा होता. गव्हाळ कातडी, राखाडी स्वेटर, पिवळाजर्द बेसनाचा लाडू. जणू त्याच्यापुरती फिल्म नीट धुतली होती. निहारने कॉम्प्युटरवर रंग खालीवर केले. बाकीचे लाल झाले, निळे झाले, चैतन्य हलला नाही. फिल्म जुनी आहे, असं म्हणून त्याने विषय सोडला.

पुढच्या सोमवारी चैतन्यचा फराळाचा डबा परत द्यायचा होता. डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून मयुराने त्यात शंकरपाळे भरले होते. निहारने समोरची बेल वाजवली. दार बनियन घातलेल्या एका गृहस्थांनी उघडलं.

"चैतन्य है?"

"कौन चैतन्य? हम तो शुरू से यहीं रहते हैं, भाईसाहब."

दाराशी चपलांचं कपाट होतं आणि त्यातल्या चपला चांगल्या झिजलेल्या होत्या. निहार शंकरपाळे घेऊन परत आला.

"मयुरा, चैतन्यने घर सोडलं?"

"कोण चैतन्य?"

"अगं, समोरचा. आपलं मिक्सरचं भांडं नेऊन बसलाय तो."

"आपल्याकडे पहिल्यापासून तीनच भांडी आहेत." ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. "आणि समोर ते यादव आहेत ना, बनियनवाले. बरं वाटत नाहीये का तुला?"

निहारने डबा उलटा केला. स्टीलच्या डब्याच्या बुडावर चैतन्यच्या आईचं नाव मशीनने कोरलेलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर कोरतात तसं, तारखेसकट. आता तिथे काही नव्हतं. बोट फिरवलं तर खडबडीतसुद्धा लागलं नाही. नवीन ताटलीसारखं गुळगुळीत बूड, आणि त्यात निहारचा चेहरा, जरा लांबट.

त्यानंतर अविनाश गेला. अविनाश ऑफिसातला टीम लीड. मानेसरच्या एका रिसॉर्टवर ऑफिसची सहल गेली होती, तिथल्या फोटोत सगळी टीम पालकाच्या भाजीत बुडवून काढल्यासारखी आली आणि अविनाश तेवढा लालबुंद, उन्हाने तापलेला, जसा होता तसा. सोमवारी त्याच्या खुर्चीवर कुणीतरी वेगळंच बसलं होतं. रोज सकाळी त्याने ठेवलेली मीटिंग सगळ्यांच्या कॅलेंडरमधून नाहीशी झाली होती. मीटिंग गेल्याचा आनंद सगळ्यांना झाला. ती होती कुणाची, ते मात्र कुणालाच आठवेना. फोटोत अविनाश अजून होता. निहारखेरीज ज्याला दाखवावा तो म्हणायचा, "हा कोण रे? रिसॉर्टचा मॅनेजर का?"

आता निहारला एवढंच कळायला हवं होतं, की फिल्म हे सांगते की करते? सांगत असेल तर ती पोस्टमन. तिच्यावर रागवून उपयोग नाही. करत असेल तर मग तो बाथरूममध्ये बादली घेऊन नेमका काय करत होता?

त्याने आधी आरशात स्वतःचा फोटो काढून धुतला. तो हिरवा आला, अगदी मोराच्या गळ्यासारखा. माणसाला स्वतःचं तोंड हिरवं बघून इतकं बरं वाटू शकतं, हे त्याला नवीन होतं. मग दर शनिवारी तो मयुराचा फोटो काढू लागला. शनिवारी काढायचा, रविवारी धुवायचा, ती हिरवी आली की निवांत जेवायचा.

"लोक बायकांना बीचवर नेऊन फोटो काढतात," मयुरा म्हणायची. "तू माझं दर आठवड्याला लोणचं घालतोस."

"हिरवी छान दिसतेस."

"प्रत्यक्षात नाही दिसत का?"

या प्रश्नावर तो बादलीकडे जायचा.

थंडी वाढली. बाहेरची हवा अशी झाली की सूर्य दुपारीच भाजलेल्या पापडासारखा दिसायचा आणि समोरचा टॉवर आहे की गेला ते रोज सकाळी खात्री करून घ्यावं लागायचं. अशाच एका रविवारी निहारने वाळलेली फिल्म स्कॅन केली, आणि मयुराच्या डाव्या कानाची पाळी गुलाबी आली होती.

नुसती पाळी. बाकी सगळी ती कारल्यासारखीच होती. पुढच्या रविवारी सगळा कान आला, कुडीच्या लाल खड्यासकट. त्यापुढच्या रविवारी गाल. निहार स्वयंपाकघरात गेला आणि मयुराच्या माहेरची वाटी त्याने उजेडात धरली. 'चि. मयुरा हिस' असं तिच्यावर कोरलं होतं. त्यातलं 'चि.' गेलं होतं आणि 'म' पुसट झाला होता.

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. चैतन्य, अविनाश, कान.

मयुरा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी फोटोत बरी दिसायला लागले की तुला टेन्शन येतं. हे लग्नाआधी सांगायचं, यार."

"मस्करी नाही करत मी."

"तेच तर. तू करत असतास तर बरं झालं असतं." तिने वाटी हातात घेतली, अंगठ्याने नावावरून एकदा घासलं, आणि वाटी फडताळात सगळ्यात मागे ठेवून दिली.

निहारने उपाय काढला. बादलीतलं पाणी जरा जास्त तापवलं आणि फिल्म रसायनात जरा जास्त वेळ ठेवली, की हिरवा दाट होतो, हे त्याला इतक्या रविवारांत कळलं होतं. फिल्म जर हे करत असेल, तर तिच्याकडूनच उलटंही करून घेता येईल. मयुराला एकदा असं गच्च हिरवं करायचं, की कुठल्याही कानाची गुलाबी व्हायची बिशाद होता कामा नये. अडचण एवढीच होती, की डब्यात एकच रोल उरला होता आणि त्याच्यावर भाऊसाहेबांचा हात होता.

"हा मंडळाचा," भाऊसाहेब म्हणाले. भाऊसाहेब मंडळाचे अध्यक्ष होते. "हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो स्मरणिकेत छापायचाय. मोबाइलवर काढलेला मी छापणार नाही."

"मी काढतो, बाबा. मीच धुतो पण."

"काढ तू. तुझा हात बरा आहे," भाऊसाहेब म्हणाले. धुण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. निहारला तो होकार वाटला. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस गप्प बसला की होकार समजायचा नसतो, हे त्याला माहीत असायला हवं होतं.

हळदीकुंकू सोसायटीच्या क्लब हाउसात झालं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या होत्या. बायकांच्या कपाळावर हळद होती, कुंकू होतं, हॉलच्या काचांबाहेर करडा धूर होता, आणि पेटीवाला काहीतरी वाजवत होता जे गणपतीत वाजवलं तेच होतं. भाऊसाहेब पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीत बसले. मयुरा मागच्या रांगेच्या अगदी टोकाला उभी राहिली आणि तिने हात कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढलं, बसमध्ये जागा धरतात तसं.

"निहार, सेल्फ-टायमर लाव आणि ये! जागा धरलीय तुझी!"

"नको, फोकस हलेल!"

"अरे, हलू दे की!"

फोकस हलणार नव्हता, कॅमेरा ट्रायपॉडवर होता. निहारला आपला रंग बघायचा नव्हता, एवढंच. मागच्या वेळी तो हिरवा आला होता, आणि तेवढ्यावर त्याला थांबायचं होतं. "ये ना," मयुरा पुन्हा म्हणाली. पुढच्या खुर्चीतून भाऊसाहेबांनी हुकूम दिला, "हलू नका कुणी!" निहारने बटण दाबलं. मयुराचं कोपर तसंच राहिलं.

बाथरूममधलं रसायन संपलं होतं. नवीन ऑनलाइन मागवलं होतं, ते शनिवारी येणार होतं. निहारने रोल फ्रिजच्या दारात ठेवला, मयुराला दाखवून ठेवला, आणि शुक्रवारी क्लायंटच्या कामासाठी मानेसरला गेला.

दुपारी फोन आला. भाऊसाहेबांचा आवाज इतका आनंदी त्याने लग्नातही ऐकला नव्हता.

"जावईबापू, हळद पिवळी आलीय!"

"कुठली हळद?"

"अरे, हळदीकुंकवातली! सकाळीच मेट्रोने नोएडाला आलो. गुलाबराव आहेत ना, आमच्या खात्यातले, ते अजून घरी स्लाइड धुतात. अगदी डब्यावर छापलंय तशी प्रोसेस. काय काम केलंय माणसाने! हळद पिवळी, कुंकू लाल. तुझ्या हातात दिली असती तर हळद हिरवी आणि कुंकू काळं आलं असतं. सवाष्णींचा फोटो आहे तो! असा छापला तर लोक मला उभं करतील का दारात?"

निहारच्या समोर क्लायंटच्या कँटीनची भिंत होती. तिच्यावर सुरक्षेबद्दल काहीतरी लिहिलं होतं.

"बाबा, मयुरा कशी आलीय?"

"फर्स्ट क्लास. अगदी आहे तशी."

घरी येऊन त्याने ती स्लाइड खिडकीशी धरली. स्लाइडला सरळ करावं लागत नाही, ती डोळ्यांना थेट दिसते. सगळं मंडळ तिथे होतं, आणि एकही माणूस हिरवा नव्हता. शालू शालूच्या रंगाचे, टकलं टकलांच्या रंगाची. भाऊसाहेब मधोमध, गोरेपान. उपाध्यक्षांना कुणी कधी इतकं नीट पाहिलं नव्हतं. मागच्या रांगेच्या टोकाला मयुरा, दोन्ही कान गुलाबी, कोपर बाहेर. आणि कोपरापलीकडे एका माणसाच्या रुंदीची क्लब हाउसची भिंत.

त्याने गुलाबरावांना फोन लावला. "हीच फिल्म परत दुसऱ्या रसायनात धुता येईल का? हिरवी करायला?"

"काय साहेब," गुलाबराव म्हणाले, "एकदा धुतली की रंग बसले. आता काय होणार? बरं, आवडला ना फोटो?"

शनिवारी रसायनाचं पार्सल आलं. ते कुणी उघडलं नाही.

रविवारी दुपारी भाऊसाहेब हॉलमध्ये स्मरणिकेचं संपादकीय लिहीत बसले होते. आत मयुराने फडताळातली सगळी भांडी खाली काढली, एकेक उलटी करून पाहिली आणि पुन्हा लावून ठेवली. मग ती निहारच्या शेजारी येऊन बसली.

"कुठे जातात रे?"

"माहीत नाही."

"दिल्लीतच कुठेतरी असेल का? म्हणजे मेट्रोने वगैरे?"

"माहीत नाही गं."

"आपल्याकडे चार भांडी होती मिक्सरची," ती म्हणाली. "चौथं चटणीचं. निळ्या झाकणाचं. नेताना म्हणाला होता, वहिनी, परवा आणून देतो."

निहारने तिला झाकणाचा रंग कधी सांगितला नव्हता. आता तिला चैतन्य आठवायला लागला होता. म्हणजे ती बरीचशी तिकडे पोचली होती.

"भेटला तर मागून घेते," मयुरा म्हणाली. "तू का नाही आलास फोटोत?"

"फोकस हलेल वाटलं."

"कॅमेरा ट्रायपॉडवर होता, निहार."

"हो."

तिने त्याचा हात धरला. तो हात दोघांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही, त्यामुळे चहा भाऊसाहेबांना करावा लागला, आणि तो त्यांनी कुरकुर न करता केला.

सोमवारी सकाळी निहार जागा होता. मयुरा ओट्याशी उभी होती, आधण ठेवलं होतं, दोन कप मांडले होते. बेल वाजली. दुधाच्या पिशव्या दाराबाहेर ठेवून माणूस लिफ्टकडे गेला होता. निहारने वाकून पिशवी उचलली, आत आला. आधण उकळत होतं. कप एकच होता.

भाऊसाहेबांच्या खोलीत दिवाणाच्या जागी व्यायामाची सायकल होती आणि तिच्यावर निहारचेच कपडे वाळत होते. वाटी उलटी करून पाहायची त्याला गरज नव्हती, तरी त्याने पाहिली. मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला. त्यात तो एकटा होता, आणि ग्रुप त्यानेच तयार केला होता, असं लिहून आलं होतं. क्लब हाउसच्या मॅनेजरला विचारलं तर तो फार अदबीने बोलला.

"कौनसा मंडल, सर? हॉल तो आपने अकेले के लिए बुक किया था. बड़ा अच्छा प्रोग्राम था. आप बीच में खड़े होकर दीवार का फोटो ले रहे थे." मग त्याने काउंटरखालून एक खोकं काढून दिलं. "आपकी छन्नियाँ रह गई थीं."

खोकं चहाच्या गाळण्यांनी भरलेलं होतं. निहार ते घेऊन वर आला आणि एका गाळणीने त्याने आपला चहा गाळला. स्लाइड खिडकीला टेकवून ठेवली होती, तिच्यात मंडळ शाबूत होतं. बाहेरचा उजेड तिच्यातून येत होता म्हणून असेल, पण मयुराचं कोपर जरा थकल्यासारखं वाटलं. आरशात काढलेल्या फोटोत तो स्वतः अजून हिरवाच होता, आणि आता त्याला त्यात काही बरं वाटत नव्हतं.

भाऊसाहेब सांगायचे, कुणी ऐकत नसेल तर लेखी द्यावं. म्हणून निहारने टेबलाशी बसून, समासाची जागा सोडून, लेखी दिलं.

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र मंडळ,
पुढची रांग, मधली खुर्ची.

विषय : समूह छायाचित्रात उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की, हळदीकुंकू समारंभाच्या छायाचित्रात मागच्या रांगेच्या टोकास, सौ. मयुरा यांच्या कोपरालगतची जागा अद्याप रिक्त आहे. छायाचित्राच्या वेळी अर्जदार कॅमेऱ्यामागे असल्याने अनुपस्थित होता. सेल्फ-टायमर लावण्याची सूचना त्यास वेळीच, दोनदा, मोठ्या आवाजात देण्यात आली होती. फोकस हलण्याचे जे कारण अर्जदाराने त्या वेळी दिले, ते खोटे होते व ते मागे घेण्यात येत आहे. हळदीच्या रंगाबाबत अर्जदाराची कोणतीही हरकत नाही.

तरी अर्जदारास सदर जागेवर पूर्वलक्षी प्रभावाने उभे राहू देण्यात यावे. तो सध्या हिरवा असला तरी योग्य प्रोसेस करून घेण्यास तयार आहे. येताना गाळण्या सोबत आणण्यात येतील.

या अर्जावर निर्णय होईपर्यंत सौ. मयुरा यांनी कोपर खाली घेऊ नये, अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.